सकाळच्या पहिल्या स्टार्टला पिकअप मिसिंग करते? दोष शोधायचा तो इंजिन थंड असतानाच

रात्रभर उभी राहिलेली पिकअप सकाळी सुरू केली की अख्खी गाडी थरथरते, इंजिन एक सिलिंडर सोडल्यासारखं चालतं, मागून धूर येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळं सुरळीत होतं. ही तक्रार घेऊन गाडी वर्कशॉपला नेली जाते ती चालवतच. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं, मेकॅनिकला काही ऐकू येत नाही, स्कॅनरवर काही दिसत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं: आधी फिल्टर, मग ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिनात सिलिंडर आतून तापवणारा), मग नोझल. बराच खर्च झाल्यावरही सकाळची थरथर तशीच राहते.

इंजिन आतपर्यंत थंड व्हायला सात-आठ तास लागतात. म्हणजे या दोषाचा पुरावा दिवसातून एकदाच, तोही अर्धा-एक मिनिट हाती येतो. म्हणून चावी फिरवण्याआधी काय बघायचं हे ठरलेलं हवं आणि एका सकाळी एकच गोष्ट बदलून बघायची. ग्लो प्लगचा प्रयोग आणि डिझेल प्राइम करण्याचा (हाताने पंप करून पाइपात डिझेल भरण्याचा) प्रयोग एकाच दिवशी केलात आणि गाडी छान सुरू झाली, तर कशामुळे झाली हे कळणार नाही. गाडी वर्कशॉपला द्यायचीच असेल, तर आदल्या संध्याकाळी नेऊन तिथेच ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिकनेच करावा असं त्याला सांगा.

आदल्या संध्याकाळी

मल्टिमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष आणि आकडे वाचणारा) आणि लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर एवढं जवळ असलं की निम्म्याहून जास्त काम घरी होतं. गाडी सपाट जागी उभी करा. कूलंटच्या टाकीवर आत्ताच्या पातळीला मार्करने खूण करा. डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. ऑइलला डिझेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर एखादा इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) गळतोय अशी शंका आत्ताच धरायला हरकत नाही. मात्र पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या डिझेल गाडीत फिल्टर साफ होण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली तरी ऑइलमध्ये डिझेल उतरतं, हे लक्षात असू द्या.

स्कॅनर लावून दोषाचे कोड वाचा आणि लिहून ठेवा. खोडू नका. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी कूलंटचं तापमान किती होतं, आरपीएम किती होते, ही माहिती. कोड खोडला की तीही पुसली जाते. पी०३०० म्हणजे ठरावीक एका नव्हे तर वेगवेगळ्या सिलिंडरांत मिसफायर (इंधन नीट न पेटणं), पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असा क्रम पुढे जातो. पी०६७१ पासून पुढचे कोड एकेका सिलिंडरच्या ग्लो प्लग सर्किटचे. पी००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी पडतोय. कोड दोषाचा पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०३ आला म्हणून तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर मागवणं चूक, कारण तिथे ग्लो प्लग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब), वायरिंग यांपैकी काहीही असू शकतं.

चावी फिरवण्याआधी

सकाळी पहिल्यांदा बॅटरीचे व्होल्ट बघा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. हे आधी का? कारण कमजोर बॅटरीने सेल्फ मंद फिरतो, मंद सेल्फने सिलिंडरमधली हवा पुरेशी तापत नाही, आणि त्याच वेळी ग्लो प्लगलाही कमी करंट मिळतो. बाकी सगळं ठीक असलेलं डिझेल इंजिनही एवढ्या कारणाने सकाळी खराब सुरू होतं.

मग चावी नुसती ‘ऑन’ करून स्कॅनरवर दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही बाहेरच्या हवेइतकेच हवेत, फार तर तीन-चार अंशांचा फरक. थंड इंजिनावर कूलंट सेन्सर ६० किंवा ८० अंश दाखवत असेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन गरम आहे. मग तो ग्लो प्लग लावत नाही, थंडीत लागणारं जास्तीचं इंधन देत नाही आणि गाडी थरथरते. उणे ४० दाखवत असेल तर बहुधा सेन्सरची वायर तुटलेली किंवा कनेक्टर निघालेला असतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पैसा लागत नाही, तरी ती बहुतेक जण करत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

आता कूलंटची पातळी कालच्या खुणेशी ताडून बघा. थंड इंजिनात पातळी थोडी उतरतेच, त्यामुळे एका सकाळवर निष्कर्ष काढू नका. पण दर सकाळी ती खाली खाली जात असेल तर नोंद घ्या. रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहा. थंड गाडीत तो मऊ लागायला हवा. रात्रभर उभ्या गाडीचा होज कडक, फुगलेला लागला, तर ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये शिरत असल्याची शक्यता आहे.

पहिली तीस सेकंदं

गाडी उघड्यावर असू द्या. बंद शेडमध्ये थंड इंजिन चालवणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे मोबाइल धरून आवाजासकट व्हिडिओ काढावा. पुढच्या गोष्टी बघायच्या. सेल्फ किती सेकंद घेतो? इंजिन लगेच पकडून मग अडखळतं, की पहिल्यापासूनच मिसिंग करतं? थरथर ठेक्यात आहे की अनियमित? धूर कुठल्या रंगाचा आणि किती वेळ?

ठेक्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कानाने बरंच कळतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा मारतो. ८०० आरपीएमला एकच सिलिंडर बंद असेल तर सेकंदाला सहा-सात असे नियमित धक्के जाणवतात. एक्झॉस्टच्या तोंडाशी हात धरला, अर्थात भाजणार नाही एवढ्या अंतरावर, तरी तोच ठेका लागतो. असा ठेका असेल तर दोष एका सिलिंडरपुरता आहे: त्याचा ग्लो प्लग, इंजेक्टर, स्पार्क प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन. ठेका नसेल, इंजिन कधी नीट कधी वाईट चालत असेल, तर दोष सगळ्या सिलिंडरांना सामायिक अशा गोष्टीत आहे: इंधनात हवा, दाब, ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), हवागळती, सेन्सर.

पहिल्याच मिनिटात बॉनेट उघडून इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक पोर्टचं तापमान मोजा. प्रत्येक पोर्टवर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून. तीन पोर्ट भराभर तापताहेत आणि एक मागे राहिलाय, म्हणजे तोच सिलिंडर मारत नाही. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं दाखवतं, त्यामुळे गंजलेल्या, काळपट जागेवर नेम धरा. हीट शील्ड मध्ये येत असेल तर ते आदल्या दिवशी काढून ठेवावं लागेल. चार-पाच मिनिटं गेली की आकडे जवळ यायला लागतात आणि ही तपासणी वाया जाते.

इंजिन अडखळत असताना इंजेक्टरचे कनेक्टर हाताने उपटून ‘कुठला बंद आहे’ हे बघायची सवय जुन्या इंजिनांवरून आली आहे. कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या इंजिनांवर) तसं करू नका. इंजेक्टरला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज जातं आणि शॉक बसू शकतो. स्कॅनरमध्ये सिलिंडर बंद करून बघण्याची सोय असेल तर ती वापरा.

धूर काय सांगतो

पांढरा धूर, डोळ्यांत झोंबणारा, डिझेलचा वास असलेला: डिझेल आत जातंय पण पेटत नाही. ग्लो प्लग, कमी कॉम्प्रेशन किंवा खराब फवारा. पांढरा पण गोडसर वासाचा आणि हवेत रेंगाळणारा: कूलंट जळतंय. थंड हवेत सुरुवातीला निघणारी वाफ वेगळी, ती लगेच विरते आणि तिला वास नसतो. निळसर धूर ऑइलचा. सुरू होताना एकच निळा भपकारा येऊन थांबत असेल तर रात्रभर वॉल्व्ह सीलमधून झिरपलेलं ऑइल जळालं असं समजा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त: गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला ईजीआर किंवा चोंदलेला एअर फिल्टर.

डिझेल पिकअप असेल तर

पहिला संशय ग्लो प्लगवर. त्याची खूण म्हणजे गाडी पहिल्या क्षणापासून मिसिंग करते, पांढरा झोंबरा धूर येतो आणि इंजिन तापेल तसतशी हळूहळू सुधारते. प्रयोग सोपा: एका सकाळी चावी ऑन करून ग्लोचा दिवा विझू द्या, चावी बंद करा, पुन्हा ऑन करा, असं दोनदा करून मग सेल्फ मारा. स्पष्ट फरक पडला तर दोष ग्लो प्लग, रिले किंवा कॉम्प्रेशन यांच्यापैकी कशात तरी आहे. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे ग्लो बंद झाला असं नाही. बऱ्याच इंजिनांत इंजिन सुरू झाल्यावरही ते काही वेळ तापत राहतात, थरथर आणि धूर कमी व्हावा म्हणूनच. त्यामुळे दिवा नीट लागतो-विझतो यावरून ग्लो प्लग चांगले आहेत असं म्हणता येत नाही. दिवा ईसीयू लावतो, प्लगला करंट पोहोचला का हे तो सांगत नाही.

मोजायचं असं: प्लगवरची वायर किंवा पट्टी काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या टोकाला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ जागी. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, कारण इथे तोही महत्त्वाचा ठरतो. एखादा प्लग काहीच दाखवत नसेल तर तो गेलेला आहे. सगळे सारखे दाखवत असतील तर चावी ऑन करून वायरवर व्होल्ट येतात का बघा. न आल्यास रिले, कंट्रोल मॉड्यूल किंवा मोठा फ्यूज. प्लगला थेट बॅटरी जोडून तपासू नका. अनेक नव्या इंजिनांतले प्लग १२ व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजचे असतात आणि क्षणात जळतात. प्लग काढायची वेळ आली तर इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारं तेल आधी सोडून, हळूहळू काढा. हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं हे मूळ दोषापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

दुसरा संशय इंधनात शिरणाऱ्या हवेवर, आणि याची खूण वेगळी आहे. गाडी आधी झटक्यात सुरू होते, दोन-चार सेकंद छान चालते, मग अडखळते, कधी बंद पडते, आणि पुन्हा सेल्फ मारल्यावर लांब घेऊन सुरू होते. पाइपात उरलेल्या डिझेलवर ती सुरू होते आणि मागून हवेचा बुडबुडा पोहोचला की धाप टाकते. रात्रभर डिझेल मागे टाकीत उतरलेलं असतं. चढावर तोंड करून आणि उतारावर तोंड करून उभी केल्यावर सकाळचा त्रास बदलत असेल, तर हा संशय पक्का करा. हँड प्रायमर असेल तर एका सकाळी सेल्फ मारण्याआधी तो कडक होईपर्यंत पंप करा. गाडी निमूट सुरू झाली तर हवा कुठून शिरते ते शोधायचं राहिलं.

कुठून? बहुतेकदा फिल्टरच्या आसपास. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग तशीच राहिलेली, वॉटर सेपरेटरचा ड्रेन स्क्रू नीट न बसलेला, प्रायमरचा वॉल्व्ह गळका, रबरी पाइपाला क्लॅम्पखाली बारीक चीर. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही: डिझेल बाहेर गळत नाही म्हणजे जोड घट्ट आहे असं नसतं. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढणीवर चालत असेल तर इंजिन सुरू असताना तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टरनंतर थोड्या लांबीचा पारदर्शक पाइप तात्पुरता लावा आणि स्टार्टच्या वेळी बघा. एखाद-दुसरा बारीक बुडबुडा चालतो, फेसाळ धार चालत नाही.

या दोन्हींतून दोष निसटला तर इंजेक्टर. कॉमन रेल इंजिन सुरू व्हायला सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० ते २५० बारचा दाब तयार व्हावा लागतो, नेमका आकडा इंजिनानुसार बदलतो. स्कॅनरवर मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी ठेवा. प्रत्यक्ष दाब रेंगाळत चढत असेल तर रिटर्नची (इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची) तपासणी करा: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावून त्यात किती डिझेल येतं ते बघायचं. एक बाटली इतरांच्या दुपटी-तिपटीने भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय आणि दाब परत सोडतोय. दाबाच्या बाजूचे लोखंडी पाइप मात्र चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि न दिसणारी धार कातडीत घुसते. तशी जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने हॉस्पिटल गाठावं लागतं.

इंजेक्टरच्या बुडाशीही नजर टाका. डांबरासारखा काळा, कडक थर साचला असेल आणि थंड इंजिनावर तिथून फुस-फुस आवाज येत असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. इंजेक्टर चांगला असूनही तो सिलिंडर दाब धरत नाही.

उघडा अडकलेला ईजीआर वॉल्व्ह थंडीतच जास्त त्रास देतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड असताना ईसीयू तो बंद ठेवतो. काजळीमुळे तो मिटलाच नाही तर जळालेली हवा पुन्हा आत येते आणि नेमक्या त्या वेळी ऑक्सिजन कमी पडतो. वॉल्व्ह काढून डोळ्यांनी बघणं हाच खात्रीचा मार्ग.

आणि कृपा करून एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या ग्लो प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन किंवा रिंगा तुटू शकतात.

पेट्रोल पिकअप असेल तर

इथे इंधनाच्या दाबापासून सुरू करा. एका सकाळी चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीनदा करून मग सुरू करा. प्रत्येक वेळी पंप रेलमध्ये दाब भरतो. यामुळे गाडी सुधारली तर रात्रभरात दाब उतरतोय: पंपाचा चेक वॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. यांतला गळका इंजेक्टर वेगळा ओळखायचा तर दुसऱ्या सकाळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजिनांत त्या अवस्थेत ईसीयू इंधन बंद करतो, जेणेकरून आत साचलेलं पेट्रोल बाहेर जावं. अशी पकडत असेल आणि सुरू होताना काळा भपकारा आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर एखादा इंजेक्टर रात्रभर ठिबकतोय. पेट्रोल भरल्यावर लगेचच्या स्टार्टलाच त्रास होत असेल तर इंजेक्टरऐवजी टाकीची वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज वॉल्व्ह उघडा अडकलाय का ते बघा.

स्पार्क प्लग आणि कॉइलचं काम सोपं आहे. ज्या सिलिंडरचा कोड आलाय त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. पुढच्या सकाळी कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, नाहीतर प्लगची अदलाबदल करा. दमट सकाळीच त्रास होत असेल तर अंधारात बॉनेट उघडून बघा, प्लगवरच्या तडकलेल्या रबरी टोपीतून (बूट) किंवा वायरीतून निळी ठिणगी उडताना दिसते.

हवागळती थंडीत वाढते, कारण इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि रबरी नळ्या आक्रसतात. इंजिन थोडं तापून ऑक्सिजन सेन्सर काम करू लागला की स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. आयडलिंगला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य, असं असेल तर हवा कुठूनतरी चोरून येतेय. अगदी पहिल्या सेकंदांत मात्र ट्रिम बघण्यात अर्थ नाही, तेव्हा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नसतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक वॉल्व्हवर कार्बनचा जाड थर बसतो, कारण तिथे पेट्रोलने वॉल्व्ह धुतले जात नाहीत. तो थर थंड इंजिनात हवेचा प्रवाह बिघडवतो आणि मिसफायर होतो. यावर पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधाचा उपयोग होत नाही, मॅनिफोल्ड काढून साफसफाई करावी लागते.

कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असेल तर

दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू असलेला आणि सर्वांत घातक दोष हा. एकाच सिलिंडरचा ठेका, दहा-वीस सेकंदांत संपणारी थरथर, गोडसर पांढरा धूर, आणि दर सकाळी थोडी कमी होणारी कूलंट. गाडी दिवसभर नीट चालते म्हणून लोक महिनोन्‌महिने ओढतात. सेल्फ मारताना इंजिन धप्‌ करून जागीच अडलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

खात्री करायची तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्टरने कूलंट सिस्टिममध्ये रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब भरून रात्रभर ठेवा. सकाळी दाब उतरलेला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर स्पार्क प्लग किंवा ग्लो प्लग काढून बोरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत बघा. ज्या पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला दिसतो, तोच तो सिलिंडर. गॅस कूलंटमध्ये शिरतोय का हे बघणारं निळं रसायनही मिळतं, गॅस लागला की त्याचा रंग बदलतो.

कॉम्प्रेशन, आणि दुरुस्तीनंतर

वरचं सगळं निर्दोष निघालं तरच कॉम्प्रेशन मोजा, आणि तेही थंड इंजिनावर, कारण तक्रार थंडीतली आहे. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये २० ते ३० बार असा अंदाज धरा, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच माना. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. एखादा इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर तो थंडीत आधी साथ सोडणार. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ही युक्ती करू नका, ज्वलनकक्षात जागा फार कमी असते आणि टाकलेलं ऑइल पेटूही शकतं.

सिलिंडर सगळे मारताहेत, मॅनिफोल्डचं तापमान सगळीकडे सारखं, धूर नाही, तरी केबिन हादरते, असंही होतं. मग इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) बघा. थंड, कडक झालेलं किंवा फाटलेलं माउंटिंग इंजिनाची साधी हालचालही चेसिसला देतं.

दुरुस्ती झाल्यावर कोड आता खोडा. ग्लो प्लग एक गेलेला निघाला आणि बाकीचे तेवढेच जुने असतील तर पूर्ण सेट बदलणं शहाणपणाचं. इंजेक्टर मात्र ज्याचा दोष सिद्ध झाला तेवढाच बदला, आणि नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत भरायला लागत असेल तर तो भरून घ्या, नाहीतर नवा इंजेक्टर लावूनही आयडलिंग खडबडीत राहतं. गॅरेजमधून निघताना गाडी छान चालली याला प्रमाण मानू नका. सलग तीन-चार सकाळी, तितक्याच थंडीत, त्याच जागी उभी ठेवून सुरू करा आणि पहिल्या दिवशी काढलेल्या व्हिडिओशी आवाज ताडून बघा.